पॉलिसीत भूकंप लिहिला आहे का?

घर आणि पैसा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाटण तालुक्यात आमचे दुमजली घर आहे. गृहकर्ज देतानाच बँकेने विम्याचे ४२ हजार रुपये कर्जाच्या रकमेत धरले. कोयनेचे धक्के इकडे अधूनमधून बसतात. भूकंपाचा विमा झालाच आहे असे समजायचे का?

उत्तर : कागद काढून बघेपर्यंत तसे समजू नका. कर्जासोबत एकरकमी कापलेली रक्कम पुष्कळदा कर्जदाराच्या आयुर्विम्याची असते. तुमच्या पश्चात कर्ज फिटावे, एवढाच तिचा हेतू. घर कोसळले आणि तुम्ही सुखरूप राहिलात, तर तिच्यातून दमडी मिळत नाही. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा जातच राहतो, कारण घर पडले म्हणून कर्ज माफ होत नाही.

म्हणून आधी पॉलिसीचे पहिले पान पाहा. विमा कशाचा आहे, व्यक्तीचा की इमारतीचा? इमारतीचा असेल तर कोणती पॉलिसी? १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज, वादळ, पूर, दरड यांच्याबरोबर भूकंपही तिच्यात मुळातच धरलेला आहे. त्याआधीच्या आगीच्या पॉलिसीत भूकंप जादा हप्ता भरून जोडून घ्यावा लागे, आणि चार पैसे वाचवायला अनेक जण तो गाळत. पॉलिसी जुनी, दीर्घ मुदतीची असेल तर हे आवर्जून तपासा.

मग रक्कम बघा. काही वेळा विमा फक्त कर्जाच्या रकमेइतका उतरवलेला असतो. शिवाय पॉलिसीवर बँकेचे हितसंबंध नोंदलेले असतात, त्यामुळे भरपाईचा धनादेश आधी बँकेकडे जातो. १५ लाखांचा विमा, १२ लाखांचे कर्ज शिल्लक, अशा वेळी बांधकामाला हातात काय उरेल ते आजच मांडून पाहा.

'आमच्याकडे भूकंप होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा तो भाग नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

प्रश्न : ठाण्यात ६५० चौरस फूट चटईक्षेत्राचा फ्लॅट आहे. आजचा भाव १ कोटी १० लाख. तेवढ्याचा विमा घ्यावा का? सोसायटीनेही इमारतीचा विमा घेतला आहे असे सचिव म्हणतात.

उत्तर : १ कोटी १० लाखांत जमिनीची, रस्त्याची, स्टेशन जवळ असण्याची किंमत आहे. भूकंपात यातले काहीच पडत नाही. विमा पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो आणि जमिनीची किंमत पॉलिसीत धरतच नाहीत. हिशेब असा : चटईक्षेत्र गुणिले तुमच्या भागातला आजचा बांधकामाचा दर. दर चौरस फुटाला समजा २,८०० रुपये असेल, तर १८ लाख २० हजार. स्थानिक ठेकेदार आणि एखादा वास्तुविशारद, दोघांनाही दर विचारा. एजंट सांगेल तो आकडा तसाच लिहू नका. मुदत एकाहून जास्त वर्षांची घेतली, तर विम्याची रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्के वाढते, त्याचा वेगळा हप्ता पडत नाही.

घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतके संरक्षण आपोआप मिळते. तुमच्या बाबतीत ३ लाख ६४ हजार. मॉड्युलर किचन, दोन एसी, टीव्ही, पलंग, कपाटे यांची बेरीज करा, ती सहज पुढे जाते. मग जादा रक्कम जाहीर करा. दागिने यात नाहीत. ते हवे असतील तर वेगळे लिहून द्यावे लागतात.

जुन्या पॉलिसींत 'सरासरीचे कलम' फार छळायचे : २० लाखांचे घर १० लाखांना विमित केले आणि ४ लाखांचे नुकसान झाले, तर हातात २ लाख. भारत गृह रक्षात ही कपात होत नाही. पण क्षेत्रफळच मुद्दाम कमी लिहिले, तर ती खोटी माहिती ठरते. तो खेळ करू नका.

आता सोसायटीचे. इमारतीचा आग आणि भूकंप यांविरुद्ध विमा उतरवणे आपल्याकडच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीचे कामच आहे. सचिवांकडून पॉलिसीची प्रत मागा. 'घेतला आहे' एवढ्यावर थांबू नका. दरवर्षी मुकाट्याने तोच जुना आकडा चालवणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत. आमचे मत विचाराल तर इमारत सोसायटीने एकत्र विमित करावी आणि सभासदाने सामानाची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट एकट्याने पुन्हा उभा करता येत नाही, आणि एकाच भिंतीची भरपाई दोन कंपन्यांकडून दोनदा मिळत नाही.

प्रश्न : पूर आला, घर पडले तर सरकार पंचनामा करून मदत देतेच. मग हप्ते कशाला भरायचे? (सांगली)

उत्तर : आकडे पाहा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के, पडझड झाली तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये. राज्य सरकार कधी वर भर घालते, पण ते त्या त्या वेळच्या शासन निर्णयावर. ६,५०० रुपयांत एका खोलीचा गिलावाही होत नाही.

तरीही ही मदत सोडू नका. ती अडकते नावात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घराच्या नोंदीच्या उताऱ्यावर, अजून आजोबांचे नाव आणि राहतात तीन भाऊ, असे असले की पैसे कोणाच्या खात्यावर टाकायचे यावर काम थांबते. वारसनोंद पावसाळ्याआधी उरकून घ्या.

प्रश्न : चिपळूणला २०२१ च्या पुरात शेजाऱ्यांचा दावा बराच कापला गेला, कारण त्यांनी सगळे सामान आधीच फेकून दिले होते. चिखलात कुजलेल्या गाद्या किती दिवस सांभाळायच्या?

उत्तर : आरोग्याशी खेळून काहीच सांभाळू नका, पण फेकण्याआधी पुरावा करा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला जमिनीपासून टेप लावून फोटो काढा, प्रत्येक खोलीत. फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक वाचता येईल असा फोटो हवा. गादीचा हातभर तुकडा कापून पिशवीत ठेवा, बाकीची जाऊ द्या. कंपनीला त्याच दिवशी फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि 'आरोग्याच्या कारणाने सामान हलवत आहोत' असा ई-मेल टाका. दावा-अर्ज ३० दिवसांच्या आत द्या. नुकसान मोजायला येणाऱ्या सर्वेक्षकाचे शुल्क कंपनी भरते, तुमच्याकडे मागितले तर देऊ नका. विजेची उपकरणे वाळली तरी लावून पाहू नका; जळाली तर नुकसान पुरामुळे की तुमच्यामुळे, हा नवा वाद होतो. हेच मोटारीचे : इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली की इंजिन जाते, आणि 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा संरक्षण घेतलेले नसेल तर कंपनी हात वर करते.

भूकंपात भांडण भेगांवरून होते. 'ही भेग जुनीच' असे ऐकायचे नसेल तर आत्ताच घराच्या आतून-बाहेरून, तारखेसह फोटो काढून ठेवा. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, विटेतून आरपार गेलेली भेग गंभीर. गिलाव्यावरची केसासारखी रेघ बहुधा नाही. संशयाच्या भेगेवर अभियंते काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवतात आणि शेजारी तारीख लिहितात. पट्टी तडकली तर भेग हलते आहे. मात्र नव्या बांधकामाचे सर्वसाधारण खचणे, भरावाची जमीन सरकणे किंवा सदोष काम यांतून आलेल्या भेगांना भरपाई नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर, आणि एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. शुल्क नाही, वकील लागत नाही.

प्रश्न : दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. म्हणजे भूकंप-पुराची चिंता नाही ना?

उत्तर : आहे. बँकेतील आग, चोरी, बँकेच्या चुकीने इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत आहे. भूकंप, पूर, वीज यांत ती नाही. ३,००० रुपये भाड्याच्या लॉकरला चोरीतही कमाल ३ लाखच. दागिन्यांचा वेगळा विमा घ्या, आणि तळमजल्यावरचा लॉकर नदीकाठच्या शाखेत असेल तर वरच्या गावातली शाखा शोधा.

प्रश्न : आपत्तीसाठी रोख किती ठेवावी?

उत्तर : घरात १० ते १५ हजार, तेही १०० आणि २०० च्या नोटांत, वीज आणि नेटवर्क गेले की यूपीआय आणि एटीएम दोन्ही बंद, आणि ५०० ची मोड कोणाकडे नसते. बँकेत चटकन मोडता येईल अशी ठेव : तीन महिन्यांचा घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि भाड्याच्या घराची अनामत धरून. ती पती-पत्नीच्या संयुक्त नावे, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने असावी. खरेदीखत, इंडेक्स-२ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि पॉलिसीच्या प्रती डिजिलॉकरमध्ये किंवा ई-मेलवर ठेवा, आणि एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. शेजारच्या घरी नको, तेही त्याच पाण्यात असेल.