घरात फितूर निघाली

पत्र, थोडक्यात: "आमच्या घरात तीन पिढ्या एकाच क्रिकेट टीमच्या. बाबा मला खांद्यावर बसवून मॅचला न्यायचे. यंदा सात वर्षांच्या धाकटीने जाहीर केलं, की ती आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी टीमची. कारण काय, तर त्यांचा एक बॅटर तिला आवडतो! आजोबा तिला गमतीत 'फितूर' म्हणतात, मग ती रुसून बसते. परवा आमची विकेट पडल्यावर तिने टाळ्या वाजवल्या आणि मी तडक टीव्ही बंद केला. नंतर फार वाईट वाटलं. अकरा वर्षांचा थोरला मात्र पक्का आपला आहे. इतका, की वर्गातल्या मित्राला 'तुमची टीम फिक्सर आणि तुम्हीपण' म्हणाला. त्याच्या आईचा फोन आला होता. धाकटीला परत कसं आणू?"
– एक हिरमुसलेला बाबा

प्रिय बाबा,

मूळ पत्रात तुम्ही धाकटीवर दीड पान लिहिलं आहे आणि थोरल्यावर तीन ओळी. आमच्या मते हिशेब उलटा हवा होता. धाकटीने टीम बदलली, त्यात काही मोडलेलं नाही. थोरल्याने मात्र टीमच्या नावाखाली एका मुलाला दुखावलं, आणि तो शब्द त्याने कुठून उचलला असेल, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

म्हणून आधी थोरला. हे वयच टोळीचं असतं. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात साधारण अकरा वर्षांच्या 22 मुलांचं शिबिर घेतलं होतं. मुलं एकमेकांना आधी ओळखत नव्हती. त्यांचे दोन गट केले, त्यांच्यात स्पर्धा लावल्या, आणि काही दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. पुढे दोन्ही गटांना नुसतं एकत्र बसवलं, जेवायला घातलं, तरी भांडणं चालूच. फरक पडला तो दोघांना मिळूनच करता येईल असं काम आल्यावर, म्हणजे शिबिराचं बंद पडलेलं पाणी सुरू करायचं होतं तेव्हा. "चला, हात मिळवा" एवढ्यावर भागत नाही, ते यामुळेच.

त्याला मित्राची माफी मागायला लावायची आहे, पण सगळ्यांसमोर नको आणि तुमच्या फोनवरूनही नको. आधी तुम्ही त्याला सांगा: "मॅच बघताना मी तसं बोलतो, ते चूक आहे." मग त्याने मित्राला एकट्याला गाठून एवढंच म्हणावं: "मी तुला फिक्सर म्हणालो, ते चुकलं." वाक्य तिथेच संपलं पाहिजे. पुढे 'पण' आला, की माफी गेली आणि वाद परत सुरू.

चिडवणं बंद करू नका, त्याशिवाय मॅचला मजा नाही. फक्त कुंपण घाला. सुटलेला कॅच, रनआऊटचा गोंधळ, चुकलेला रिव्ह्यू, यावर हवं तेवढं बोला. रंग, जात, धर्म, गाव, अंगकाठी, घरचे लोक, यातलं काहीही आलं, की खेळ संपला. पैसे खाल्ल्याचा आरोपही बाहेर, कारण त्याला मित्राकडे उत्तरच नसतं. दुसरी अट वेळेची: मॅच संपल्यावर पहिलं वाक्य हरलेल्या बाजूचं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली की चिडवणं बंद.

तुमच्यासाठी एक परीक्षा आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 साली दाखवलं, की अमेरिकी विद्यार्थी आपल्या कॉलेजची टीम जिंकली की "आपण जिंकलो" म्हणतात आणि हरली की "ते हरले". पुढच्या पराभवानंतर स्वतःचं सर्वनाम ऐका. मुलं टीमबद्दलची निष्ठा शिकतात ती त्या दहा मिनिटांत. बाबा रिमोट आपटतात, पंचाला शिव्या घालतात, जेवताना गप्प बसतात, हे त्यांना जर्सीच्या रंगापेक्षा जास्त लक्षात राहतं. "आज आपण हरलो. सतराव्या ओव्हरला सुटला सामना," एवढं बोलून ताटावर बसा.

आता धाकटी. टीव्ही बंद केलात, त्याबद्दल तिला सरळ सॉरी म्हणा. 'फितूर' आजोबांना गंमत वाटते, पण तो शब्द हसण्यावारी न्यायचा की त्यावर रडायचं, हे सात वर्षांच्या मुलीला अजून ठरवता येत नाही. ती रुसते म्हणजे उत्तर मिळालं, शब्द थांबवा. आमिष दाखवून तिला परत वळवायला जाऊ नका, नाहीतर निष्ठेला भाव असतो एवढंच ती शिकेल. लहान मुलं आधी खेळाडूवर जीव लावतात, टीम मागून येते. उद्या तो बॅटर टीम बदलेल, तेव्हा ती त्याच्या मागे जाईल किंवा टीमपाशी थांबेल. तो निर्णय तिचा. "बघ, सांगितलं होतं ना" हे त्या दिवशी गिळायचं.

आणि घराण्याचं म्हणाल, तर इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात एकाच घरात लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन्ही फुटबॉल क्लबांचे लोक असणं जुनंच आहे. तिथला लिव्हरपूल क्लब जन्मला तोच 1892 साली एव्हर्टनवाले भाड्यावरून भांडून ॲनफिल्ड हे मैदान सोडून गेले म्हणून! दोन रंगांनी घर फुटत नाही.

शेरीफच्या पाण्यासारखं काम तुमच्या घरातही आहे: स्कोअरबुक. एक वही, दोन पेन्सिली. धाकटीकडे बॅटिंगची बाजू, थोरल्याकडे बोलिंगची. धाव नसेल तर टिंब, धावा झाल्या तर आकडा. बॅटरांच्या धावा आणि सगळ्या अवांतर मिळून एकूण धावा यायला हव्यात. बोलरांच्या नावावरच्या धावांत बाय आणि लेगबाय मिळवले, तरी तोच आकडा. हमखास चूक होते ती इथेच: वाईड आणि नोबॉल बोलरच्या खात्यात जातात, बाय-लेगबाय जात नाहीत, रनआऊटची विकेट बोलरला मिळत नाही. दोघांचे आकडे जुळले नाहीत, की ओव्हर ओव्हर मागे जाऊन शोधावं लागतं, आणि तेव्हा कोण कुठल्या टीमचं हे कोणाच्याच डोक्यात नसतं. तुम्ही पेन्सिल हातात घ्यायची नाही. चूक दिसली तरी.

पूर्ण ट्वेन्टी-ट्वेन्टीला धाकटीला बसवू नका. साडेतीन तास तिला झेपणार नाहीत, आणि कंटाळ्यातून झालेलं भांडण टीमच्या माथी बसतं. सुरुवातीच्या पॉवरप्लेच्या सहा ओव्हर पुरेत. थोडी मोठी झाली, की पाठलागाच्या शेवटच्या पाच. 30 चेंडूंत 46 हवेत म्हणजे दर ओव्हरला नऊच्या वर, हे गणित थोरल्याने तिला समजावू दे.

आजोबांकडे आठवणींचा साठा असणार. त्यांना हरलेल्या मॅच सांगायला लावा. जिंकलेल्या सगळेच सांगतात, आणि नातवंडांना खरा प्रश्न पडतो तो "मग तुम्ही टीम का नाही सोडली?" हा.

राहिली जर्सी. तिला हवी ती, समोरच्या टीमची, तुम्हीच आणा. एक माप मोठी घ्या, या वयात वर्षभरात तोकडी होते. पाठीवर मात्र बॅटरचं नाव नको, तिचं स्वतःचं छापून घ्या. खेळाडू टीम बदलतात.