हातातले कसब आणि कामातले समाधान

प्रश्न : माझा मुलगा कार्यालयातील नोकरी सोडून मिरजेला तंबोरे बनवायला शिकायचे म्हणतो. हातकामात माणूस खरोखरच अधिक सुखी असतो का?

उत्तर : सरसकट तसे म्हणता येणार नाही, आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी ऊस तोडणाऱ्याचा कोयताही सफाईनेच चालतो, पण म्हणून तो सुखी असतो असे नाही. कामाचा वेग कोण ठरवतो, हे महत्त्वाचे. जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा गुंजणारा नाद, काढताना कारागीर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानसीने किंचित घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो, आणि काम साधले की बिघडले हे कान त्याला तत्क्षणी सांगतो. कौशल्य आणि आव्हान तुल्यबळ असताना येणाऱ्या ज्या तल्लीनतेचे वर्णन मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने केले, ती हीच. मात्र हात बसायला वर्षे लागतात आणि तोवर मिळकत बेताचीच, म्हणून राजीनाम्यापूर्वी तुमच्या मुलाने सुट्टीत एखाद्या कारागिराकडे बसून पाहावे.