आठशे ओळींची एसक्यूएल फाइल रोज रात्री चालवायची आहे? आधी हे कर

फाइल पायथनमध्ये वाचून अर्धविरामावर तोडू नकोस. सगळे नवखे हेच करतात, आणि पहिल्या फंक्शनच्या पोटातला अर्धविराम आला की फाइलचा भुगा. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर एअरफ्लोच्या (ठरल्या वेळी कामं चालवणारं साधन) टास्कमधून सरळ पीएसक्यूएललाच, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन प्रोग्रॅमलाच, फाइल दे, ते काम त्याचंच आहे.

पण त्याची एक खोड आहे. मधली ओळ फसली तरी ते पुढे चालत राहतं आणि शेवटी शून्य कोड देतं, म्हणजे सगळं आलबेल! हिंजवडीत नोकरीला होतो तेव्हा एका स्वल्पविरामापायी माझा इन्सर्ट (टेबलात ओळी भरणारी आज्ञा) पडला होता. टास्क हिरवागार, सकाळच्या रिपोर्टमध्ये विक्री शून्य. चहाही गोड लागला नाही त्या दिवशी. म्हणून पीएसक्यूएलची ‘ऑन एरर स्टॉप’ ही सेटिंग चालू कर; मग चूक झाली की तिथेच थांबून ३ हा कोड येतो आणि टास्क लाल होतो.

बाकी दोनच गोष्टी:

- फाइल दोनदा चालली तरी आकडे दुप्पट व्हायला नकोत. आधी टेबलमधल्या त्या तारखेच्या ओळी डिलीट, मग इन्सर्ट, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.
- एअरफ्लोचं घड्याळ मुळात यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं. रात्री २ लिहिलंस तर पुण्यात सकाळचे साडेसात वाजलेले असतात.

फाइलचे तुकडे, समांतर टास्क वगैरे आत्ता नको. आधी टेस्ट डेटाबेसवर मुद्दाम एक ओळ बिघडव आणि टास्क लाल होतो का बघ. नाही झाला तर कमांड इथे टाक, बघतो.