घट्ट दिलं की थुंकते, पातळ दिलं की पिते, मग द्यायचं काय?

"ताई, मुलगी साडेसहा महिन्यांची आहे. उष्टावण झालं, पण रोज खाऊ घालताना रडारड. सासूबाई म्हणतात दात नाहीत तर डाळीचं पाणी आणि पेजच दे. मी मऊ भात दिला तर जिभेने बाहेर ढकलते, परवा तर ठसका लागून लाल झाली, मी प्रचंड घाबरले. पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू होतंय. मी कुठे कमी पडतेय का?"

अगं, तू कुठेही कमी पडत नाहीयेस. इतके महिने फक्त दूध ओढणाऱ्या जिभेला घास मागे नेऊन गिळणं ही नवीन गोष्ट आहे, म्हणून ती बाहेर ढकलते, म्हणजे चव आवडली नाही असं नाही. तोच पदार्थ दोन दिवसांनी परत दे, परत दे, कधीकधी आठ-दहा वेळा द्यावा लागतो मग मूल खातं.

आता डाळीचं पाणी. इथे मी सासूबाईंच्या बाजूने नाही, स्पष्टच सांगते. पाण्यात डाळ जवळजवळ नसतेच गं, इवलंसं पोट त्यानेच भरतं आणि मग दूधही कमी प्यायलं जातं. जन्मताना अंगात आलेला लोहाचा साठा साधारण सहा महिन्यांत संपत येतो आणि दुधातून तेवढं लोह मिळत नाही, वरचं अन्न सुरू करायचं मोठं कारण हेच आहे. त्यामुळे चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट दे. मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी बोटांनी छान कुस्करून वर अर्धा चमचा तूप, नाचणीचं सत्त्व, लाल भोपळा, रताळं, केळं. घरात चालत असेल तर पूर्ण शिजलेलं अंडं आणि काटे नीट काढलेला मासा पण चालतो, वर्षापर्यंत थांबायची गरज नाही. मिक्सरमधून एकदम गुळगुळीत काढायची सवय नको, हिरड्यांनी चावता येतं त्यांना, दातांची वाट बघू नकोस. मीठ-साखर वर्षभर नको. आणि मध तर अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायलाही नाही, त्यातल्या जंतूंमुळे एक वर्षाच्या आतल्या बाळांना बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, हळूहळू वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत. दूध चालूच ठेव, जागतिक आरोग्य संघटना तर दोन वर्षं आणि पुढेही पाजा म्हणते. ऑफिसला गेलीस तरी सकाळी, संध्याकाळी आणि रात्री पाजता येईलच.

ठसक्याचं वाचून मला तुझी भीती कळली. खोकते आहे, आवाज येतोय, चेहरा लाल होतोय, तर ती स्वतःच घास पुढे ढकलतेय, तिला तिचं काम करू दे, तोंडात बोट घालू नकोस. आवाजच बंद झाला, श्वास घेता येत नाहीये, ओठ निळे पडायला लागले तर मात्र खरं अडकलंय. तेव्हा तिला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरात थापा, आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला सांगायचा. हे सासूबाईंनाही शिकवून ठेव, दिवसभर त्याच असणार ना तिच्याजवळ. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे देऊच नका, आणि भरवताना ती बसलेली हवी, झोपवून नाही.

त्यांच्याशी भांडण नको करूस, त्यांचाही जीव आहे नातीवर. पुढच्या लसीला जाशील तेव्हा त्यांना सोबत घेऊन जा आणि डाळीच्या पाण्याचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे. तिथेच लोहाच्या थेंबांचंही विचार आणि वजन कार्डावर मांडून घे. वजनाची रेघ वर जात असेल तर तिने तोंड फिरवल्यावर तिथेच थांबायचं, टीव्ही लावून, हात धरून कोंबायचं नाही. रेघ आडवी झाली, किंवा आठ-नऊ महिन्यांची होऊनही काहीच गिळत नसेल, तर पुढच्या लसीची वाट न बघता दाखव.