उद्या साडेदहाला मुलाखत, आणि सगळं कपाट पलंगावर

जुलैमधला बुधवार, संध्याकाळचे सव्वापाच. बाहेर पाऊस. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एक ताई फोनवर एकच वाक्य बोलल्या आणि गप्प झाल्या: "मॅडम, मुलीला ताप आलाय असं कळवून टाकू का त्यांना?"

मुलीला ताप नव्हता. मागे तिचा खणखणीत आवाज येत होता. तासाभरापूर्वी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीतून बोलावणं आलं होतं. डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल बाहेर पाठवणाऱ्या विभागात, हिशेबाचं काम, उद्या साडेदहाला मुलाखत. अकरा वर्षांच्या खंडानंतरचं हे पहिलं बोलावणं. तेव्हापासून ताई इंदिरानगरच्या आपल्या घरात कपाटासमोर उभ्या होत्या. सगळं कपाट पलंगावर आलं होतं आणि घालण्यासारखं एकही नव्हतं.

(हा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलाखतीला घालून काय जायचं, हे माझ्याकडे येणारी माणसं नेहमी विचारतात, पण अगदी शेवटी. पर्स खांद्याला लावून, दाराकडे निघताना, अर्धवट हसत. जणू हा प्रश्न समुपदेशकाला विचारण्याच्या लायकीचा नाही. मला तो पूर्ण लायकीचा वाटतो, आणि ही समज मला एका चुकीतून आली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातून नाशिकला शिकायला आलेला एक मुलगा माझ्याकडे यायचा. सातपूरला मुलाखत होती, त्याच्या आदल्या दिवशी त्याने मला शर्टाबद्दल विचारलं. मी म्हटलं, "अरे, कपड्यांचं काय घेऊन बसलास? ते ज्ञान बघतात." मला वाटलं, मी धीर दिला. तो मुलाखतीला गेलाच नाही. महिन्याभराने आला तेव्हा कळलं, की त्याच्याकडे एकच पांढरा शर्ट होता आणि त्याची कॉलर घडीवर विरली होती. तोच घालू, की खोलीतल्या मित्राचा मागू, एवढंच त्याला विचारायचं होतं. "तुम्हाला वाटलं मला नटायचंय," तो म्हणाला. मी त्याची माफी मागितली. पण ती मुलाखत परत आली नाही.

तेव्हापासून कपड्यांचं विचारलं, की मी आधी कपड्यांचंच ऐकते.

"पलंगावर काय काय आहे, ते वाचून दाखवा," मी ताईंना सांगितलं. दोन काठपदर, लग्नकार्यातले. तीन सुती साड्या, पण त्यांतल्या दोन साड्यांचे ब्लाउज आता बसत नव्हते. रोजचे कुर्ते, बरेच विटलेले. जुन्या नोकरीतली काळी पँट, जिचं बटण लागत नव्हतं. आणि एक निळसर राखाडी सुती कुर्ता, टेलरकडून शिवून घेतलेला, फक्त काखेत आणि छातीशी दाटणारा. त्या काळ्या पँटशी आवाज अडला. "ही घालून मी ऑफिसला जायचे, मॅडम."

तेवढ्यात त्यांचे मिस्टर मागून म्हणाले, चल, मेन रोडला जाऊन नवीन घेऊन येऊ. मनापासून म्हणत होते, पैशांकडे बघत नव्हते. तरी मी नको म्हटलं. आदल्या रात्री घेतलेला कपडा अंगाला ओळखत नाही. तो कुठे वर सरकतो, कुठे टोचतो, घाम आल्यावर कसा दिसतो, हे मुलाखतीच्या खुर्चीत बसल्यावरच कळतं. नव्या चपलेचं तर सांगायलाच नको, ती चावतेच. शिवाय भर पावसात, त्या गर्दीत, दुकानांच्या दिव्यांखाली दोन तास निवड करून थकून घरी यायचं, आणि झोपताना पुन्हा शंका, की हाच रंग घ्यायला हवा होता का. हाताशी चार दिवस असते तर मीच म्हटलं असतं, जा, घ्या, आणि एकदा घालून भाजी आणायला जाऊन या.

त्याऐवजी त्यांना एक फोन करायला लावला. कंपनीतून ज्यांनी बोलावलं त्यांनाच, सहा वाजायच्या आत. मुलाखत ऑफिसमध्ये आहे की कारखान्याच्या आवारात, आत शॉपवर, म्हणजे मशिन चालतात तिथे, किंवा स्टोअरमध्ये जावं लागेल का, आणि पायात काय चालतं, इतकंच विचारायचं. ताईंना वाटत होतं, असं विचारलं तर आपण अडाणी ठरू. माझा अनुभव उलटा आहे. कामाच्या जागेची चौकशी करणारा माणूस तिथल्या लोकांना शहाणाच वाटतो.

दहा मिनिटांत त्यांचा परत फोन, आवाज जरा मोकळा. केबिन स्टोअरच्या पलीकडे होती. मशिनच्या बाजूने चालत जावं लागणार होतं, पुढून बंद चप्पल किंवा बूट हवेत असं सांगितलं होतं. अर्धा गुंता तिथेच सुटला. साडीचा पदर, लोंबती ओढणी, उंच टाच, तिन्ही बाद. कारखान्याच्या बाबतीत कपडा हा फक्त दिसण्याचा मामला नसतो. चालत्या यंत्राशी काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे, हे 1948च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. ताई काही मशिनवर काम करणार नव्हत्या. तरी ओढणी खांद्याला पिन करून आलेली बाई बघितली, की तिथल्या सुपरवायझरला बरं वाटतंच.

म्हणजे उरला तो राखाडी कुर्ता, दाटणारा.

"उलटा करून बघा," मी म्हटलं, "बाजूच्या शिवणीत माया किती आहे?" माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. रेडिमेड कुर्त्यात ती फारशी नसते. टेलरने शिवलेल्यात बहुतेक वेळा असते, कारण त्याला माहीत असतं, की माणूस आहे तेवढाच राहत नाही. दोन्ही बाजूंना बोटभर माया निघाली. मुलीने ब्लेडने टाके उसवले, सासूबाईंच्या जुन्या मशिनवर ताईंनी अर्ध्या तासात नवी शिवण मारली. त्यांनी व्हिडिओ कॉल करून मला दाखवलं. कुर्ता आता नीट बसत होता, पण काखेपासून खाली कमरेपर्यंत एक अरुंद पट्टी गडद निळी दिसत होती. इतकी वर्षं आत दडलेलं कापड, त्याला ना ऊन लागलं होतं ना साबण. जुन्या शिवणीची टाक्यांची भोकंही ओळीने दिसत होती.

"बघा, दिसतंय ना? हे बघून त्यांना कळणार, की बाईने उसवून घातलाय."

ही भीती मी जवळजवळ प्रत्येकाकडे बघते, फक्त पट्टीची जागा बदलते. कोणाची विरलेली कॉलर, कोणाचे मागून आणलेले बूट. ताईंना मी एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावला आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर त्याला विचारलं, किती जणांनी पाहिलं असेल? असे बरेच विद्यार्थी झाले. त्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात सांगता आलं ते जेमतेम पाव जणांना. आणि तो तर छातीवर छापलेला चेहरा होता. तुमची पट्टी काखेखाली आहे.

नुसतं सांगून भीती जात नाही, म्हणून मी त्यांना आरशासमोरून बाजूला व्हायला सांगितलं. आरशात आपण स्थिर उभे राहतो, मुलाखतीत तसं कोणी उभं नसतं. कुर्ता घालून खुर्चीत बसा, पुढे वाकून खालची फाईल उचला, वरच्या फळीवरचा डबा काढा, जिना चढा-उतरा. मुलगी समोर साहेब होऊन बसली. तिला नंतर विचारलं, पट्टी दिसली का? ती म्हणाली, "हात वर केला तेव्हा जरा. पण आई, तू सारखी कुर्ता खाली ओढतेस, ते जास्त दिसतं." चौदा वर्षांच्या मुलीने जे बघितलं ते मला फोनवरून कधी दिसलं नसतं.

मग पटापट ठरलं. गडद सलवार, कारण पाथर्डी फाट्यापर्यंत स्कूटीवर जाताना चिखल उडणारच. पायात रोजचे बंद सँडल, पण ते पिशवीत वेगळे न्यायचे, जाताना पावसाळी चप्पल. रोजचं मंगळसूत्र, रोजची टिकली. टिकली काढू का, असंही त्यांनी विचारलं होतं. रोज जे अंगावर असतं ते त्या दिवशी काढू नये आणि जे नसतं ते चढवू नये, असं माझं मत आहे. नाही तर हात सारखा तिकडे जातो.

एका शब्दावर मात्र मी अडले. "चांगलंच दिसलं पाहिजे" असं त्या तीनदा म्हणाल्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिचा सगळा रोख या "च"वर आणि "पाहिजे"वर आहे. चांगलं दिसलं तर बरं, ही इच्छा झाली. चांगलंच दिसलं पाहिजे म्हटलं, की छाती धडधडते. मी त्यांना वाक्य पुन्हा, "च" काढून म्हणायला लावलं. पहिल्यांदा त्यांनी तो काढला आणि "नीटच" मध्ये परत घातला.

नऊला कपड्यांचा विषय बंद, असं आमचं आधीच ठरलं होतं. कुर्ता इस्त्री करून हँगरला लावला. पावणेनऊलाच मी विचारलं, "आता कपडे सोडून काय राहिलंय?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं काय करत होता, असं विचारलं तर?"

हे होतं खाली. पण संध्याकाळी सव्वापाचलाच मी तिथे हात घातला असता, तर त्यांनी मुलीच्या तापाचा फोन केला असता, याची मला खात्री आहे. आधी कुर्ता बसायला हवा होता.

"काय करत होतात?" मी विचारलं. सासूबाईंचा अर्धांगवायू, मुलीचं लहानपण, हे त्यांनी अपराध्यासारखं सांगितलं. मग त्या घरून बघत असलेल्या दिरांच्या मेडिकलच्या हिशेबाचं मी विचारलं, तर आवाजच बदलला. दर महिन्याला जीएसटीची विवरणपत्रं, 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1, 20च्या आत 3बी, खरेदीची बिलं जुळली नाहीत तर होलसेलरला फोन, सगळं टॅलीवर. पाच मिनिटं न थांबता. आपण काम सांगतो आहोत हे त्यांना कळलंही नाही. त्यातूनच त्यांचं उत्तर तयार झालं, त्यांच्याच शब्दांत: "नोकरी सोडली तेव्हा व्हॅट होता. 1 जुलै 2017ला जीएसटी आला, तो मी घरी राहून शिकले आणि आजवर भरते आहे." दोनदा मोठ्याने म्हणून घेतलं. नंतर झोपायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मेसेज आला. माल वाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाचे प्रश्न विचारले, दोन आले, एक चुकला. कपड्यांचा उल्लेख नव्हता. ती नोकरी त्यांना मिळाली नाही, कंपनीला डिस्पॅचमध्ये आधी काम केलेलं माणूस हवं होतं. ताई दोन दिवस रडल्या, आणि त्या रडण्यात काही गैर नव्हतं.

ऑगस्टमध्ये सिन्नरहून दुसरं बोलावणं आलं, तेही आदल्या दिवशीच. मला ते मुलाखत झाल्यावर कळलं. कंपनीला त्यांनी स्वतःच फोन करून विचारलं होतं, आत शॉपवरून जावं लागतं का. कुर्ता तोच घातला होता. पुढच्या भेटीत त्या आल्या, बसल्या आणि थेट म्हणाल्या, "मॅडम, रोज सिन्नरला जायचं झालं तर सासूबाईंकडे दुपारी कोण बघणार, ते आज बोलायचंय."