शुक्रावरच्या आनंदीबाई

प्रश्न : ताई, आमच्या कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या नावाचं विवर शुक्रावर आहे असा मेसेज फिरतोय, खरंय का? ते ज्वालामुखीचं तोंड की लोणारसारखं? मुलीला दुर्बिणीतून दिसेल का?
– एक बाबा, कल्याण

उत्तर : अगदी खरंय दादा. विवराचं नाव नुसतं जोशी, शुक्राच्या विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला, रुंदी साधारण ३४ किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून लोकलने ठाण्याला उतरलात की जेवढं अंतर होतं ना, तेवढा एक खड्डा! नेटवर शोधताना इंग्लिश स्पेलिंगमध्ये जोशीच्या शेवटी डबल ई टाका हं, अमेरिकेत त्यांचं आडनाव तसंच लिहायचे, पोकिप्सीला त्यांची रक्षा पुरलीय तिथल्या दगडावरही तसंच कोरलंय.

ज्वालामुखीचं नाही, दगड आदळूनच झालंय, लोणारसारखं. फक्त लोणारएवढं विवर तिकडे सापडणं अवघड, कारण शुक्राच्या हवेचा दाब आपल्या नव्वदेक पट, लहानसहान दगड वरच्या वरच फुटून भुगा होतात, जमिनीपर्यंत पोचतो तो मोठाच, त्यामुळे तीनेक किलोमीटरहून लहान विवरं जवळपास नाहीतच आणि आपलं लोणार १.८ किलोमीटरचं. शिवाय तिथे जमिनीवर ४६० डिग्रीच्या वर तापमान, पाण्याचा थेंब नाही, म्हणून पावसाने कडा झिजायचा प्रश्नच नाही, कोट्यवधी वर्षांचे खड्डे कालपरवाचे वाटतात. रडारच्या फोटोत खडबडीत भाग पांढरा उमटतो, त्यामुळे बऱ्याच विवरांभोवती उडालेला मलबा फुलाच्या पाकळ्यांसारखा दिसतो, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ झूम करून बघत बसले होते.

दुर्बिणीतून मात्र नाही दिसणार, वर कायम ढग. १९९० ते ९२ मध्ये मॅगेलन यानाने रडारने नकाशा केला म्हणून एवढं कळलं. तिथल्या २० किलोमीटरहून मोठ्या विवरांना कर्तबगार, दिवंगत बायकांची नावं देतात, त्याहून लहान असेल तर नुसतं मुलींचं नाव. पंडिता रमाबाईंच्या नावाचंही आहे, मेधावी म्हणून.

मुलीला हेही सांगा, आनंदीबाईंना एमडी मिळाली मार्च १८८६ मध्ये आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या, बावीस पण पूर्ण नव्हती झाली, दवाखाना चालवायला मिळालाच नाही हो त्यांना. हे लिहितानाही गलबलतं मला. शुक्र संध्याकाळी दिसत असेल तेव्हा गच्चीवर न्या तिला, विवर नाही दिसलं तरी शुक्र नुसत्या डोळ्यांनी लख्ख दिसतो.