आधी तुमचा खोकला, मग मुलाचा प्रवेश

नमस्कार दादा,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात मुलाच्या टक्क्यांवर दोन पानं आणि तुमच्या खोकल्यावर अर्धी ओळ: "तेजाबाचा धूर आहे, खोकला राहणारच." मी त्या अर्ध्या ओळीवरच अडकले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पत्र लिहिणारे मूळचे विट्याजवळचे, बावीस वर्षं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान चालवतात. मुलगा गावी आजीपाशी राहून शिकला. बारावी सायन्सला ७१ टक्के, सीईटी बेताची. त्याला रसायनशास्त्र शिकायचंय आणि पुढे दुकानातली तेजाबाची पद्धत बदलायचीय. वडील म्हणतात, "कॉम्प्युटर घे, नाहीतर दुकान विकून गावी येऊन बसतो."

दादा, ही धमकी आहे. मायेपोटी दिली म्हणून तिचं वजन कमी होत नाही. घराचं पोट अठरा वर्षांच्या पोराच्या एका फॉर्मवर टांगून ठेवलंत, तर तो कॉम्प्युटर घेईलही. पण तो निर्णय त्याचा नसेल, आणि तिसऱ्या सेमिस्टरला विषय राहिले की हे तुम्हा दोघांनाही आठवेल.

तुमची भीती मात्र खरी आहे. जुन्या सोन्यात चांदी मिसळून ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकलं, की चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं तळाशी राहतं. त्या वेळी उठणारा तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाका-घशात अडत नाही, थेट फुप्फुसात खोल उतरतो. जास्त धूर गेला तर त्रास लगेच न होता काही तासांनी होऊ शकतो. माणूस संध्याकाळी ठणठणीत असतो आणि रात्री दम लागून उठतो. तोंडाला रुमाल बांधून धूळ अडते, वायू अडत नाही.

आता तुम्हाला आवडणार नाही ते विचारते. तुम्ही सहज लिहून गेलात की दुकानात गावाकडची दोन पोरं आहेत आणि रात्री माळ्यावरच झोपतात. तुमचा मुलगा कॉम्प्युटरला गेला की भट्टीपाशी कोण उभं राहणार? तीच. म्हणजे धूर आहे तसाच राहिला, फक्त तो दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला गेला. तुमच्या घरात हा धूरच कमी कसा करायचा असं विचारणारा एकच माणूस आहे, आणि त्यालाच तुम्ही गप्प बसवताय.

पण त्या माणसाचंही थोडं चुकतंय. बाळा, तुझी चिठ्ठी सोबत होती, म्हणून तुला थेट सांगते. "नायट्रिकऐवजी सायट्रिक आणि सायनाइडऐवजी थायोयुरिया वापरायचं" असं तू लिहिलंस. सायट्रिक अ‍ॅसिड तुकडे जोडायला झाळ दिल्यावर दागिन्यावर येणारा काळा थर काढायला उत्तम आहे. तिथे ते सल्फ्युरिकची जागा घेऊ शकतं. पण ते चांदी विरघळवणार नाही, म्हणून गलाईत त्याचा उपयोग नाही. आणि सोनं विरघळवणारं थायोयुरिया सायनाइडसारखं झटपट जीव घेत नसलं, तरी त्याच्यावर कर्करोगाचा संशय आहे. विषारी रसायनाच्या जागी कमी बदनाम रसायन आणणं म्हणजे सुरक्षित पर्याय नव्हे. ते रसायन तिथे नेमकं काय काम करतं, हे आधी कळावं लागतं. केडीएम आठव. लोक त्याला शुद्धतेचा शिक्का समजायचे. खरं तर ते झाळीतल्या कॅडमिअमचं नाव. कॅडमिअम ७६७ अंशांना उकळतं आणि झाळ देणारी ज्योत त्याहून कितीतरी तापलेली असते, म्हणजे झाळ देताना त्याची वाफ थेट कारागिराच्या छातीत. त्याच्या जागी जस्त-इंडिअमच्या झाळी आल्या, कारण झाळ कमी तापमानाला वितळली पाहिजे हे काम कोणीतरी ओळखलं होतं. युरोपीय संघाने तर २०११ पासून दागिन्यातल्या धातूत कॅडमिअमला ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली. गलाईतही वाटा आहेत: विजेच्या साहाय्याने शुद्धीकरण (सोन्यासाठीची ती पद्धत १८७४ची आहे, नवी नव्हे), किंवा नायट्रिक ठेवून धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धुऊन सोडणं. दुसरी वाट दिसायला साधी आहे, पण छोट्या दुकानाला आधी तीच परवडेल. पेरॉक्साइडने सोनं शुद्ध करायचे व्हिडिओ पाहून भट्टीपाशी प्रयोग करू नकोस, हे वेगळं सांगायला नको.

शिक्षणाचं एका ओळीत: बीएस्सी रसायनशास्त्र आणि मग एमएस्सी, नाहीतर सीईटीतून धातुशास्त्र किंवा केमिकल इंजिनिअरिंग, तुझ्या प्रश्नाला धातुशास्त्र जास्त जवळचं. "बीएस्सी म्हणजे शेवटी मास्तर" हे काकांचं वाक्य विसरून जा.

दादा, फॉर्म भरायला अजून वेळ आहे. या आठवड्यात तुम्ही छातीच्या डॉक्टरांकडे जा. काय काम करता, किती वर्षं, कोणता धूर, सगळं सांगा. नुसतं "खोकला आहे" म्हणालात तर सिरप देऊन परत पाठवतील. फुप्फुसाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री करून द्या म्हणावं. मुलाला सुट्टीत पंधरा दिवस तिकडे बोलवा, पण भट्टीपासून लांब. त्याने वही ठेवावी: रोज किती तेजाब येतं, धूर कुठून बाहेर जातो, वापरलेलं पाणी कोणत्या गटारात जातं. ती वही मला पाठवा, मग शाखेचं बोलू.

आणि माळ्यावरच्या त्या दोघांनाही त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्यांच्या तपासणीचे पैसे पगारातून कापू नका.